दोऱ्यांचे दफ्तर : किपूची पार्श्वभूमी

इंकांना लिपी नव्हती, हे वाक्य शालेय पुस्तकांपासून पर्यटनाच्या माहितीपत्रकांपर्यंत सगळीकडे भेटते. ते अर्धवट आहे, आणि त्या अर्धवटपणामुळे इंकांवर अन्याय होतो. कुस्को ही त्यांची राजधानी, आणि राज्य दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या कडेकडेने आजच्या इक्वेडोरपासून चिलीपर्यंत पसरलेले. कोणत्या खोऱ्यातून किती माणसे वेठीला यायची, कोणत्या कोठारात किती मका आहे, कळपात किती लामा आहेत, याची नोंद ठेवल्याशिवाय एवढा कारभार एक वर्षही चालला नसता. ती नोंद किपूत होती.

एका जाड आडव्या दोराला बांधलेल्या, खाली लोंबणाऱ्या दोऱ्या म्हणजे किपू. दोऱ्या सुती, नाहीतर लामा-अल्पाकाच्या लोकरीच्या, आणि त्यांवर ठरावीक उंचीवर मारलेल्या गाठी. न्यूयॉर्कमधल्या संग्रहालयातले किपू तपासून लेलँड लॉक यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले की हे दशमान पद्धतीचे आकडे आहेत. दोरीच्या खालच्या टोकाकडे एकक, त्याच्या वर दशक, त्याच्याही वर शतक. दशक-शतकासाठी साध्या गाठी मारायच्या, एककासाठी आकड्याइतके वेढे घेतलेली लांब गाठ. एकाच वेढ्याची लांब गाठ साध्या गाठीसारखीच झाली असती, म्हणून एक या आकड्याला वेगळी गाठ होती, इंग्रजी आठच्या आकाराची. शून्याच्या जागी दोरी मोकळी सोडत. फार विचारपूर्वक घडवलेली पद्धत आहे ही.

मात्र किपू इंकांपासून सुरू होत नाही. साधारण इ.स. ६०० ते १००० या काळात पेरूच्या डोंगराळ भागात वारी लोकांची सत्ता होती. त्यांचेही किपू सापडले आहेत. त्यांत दोऱ्यांभोवती रंगीत धागे घट्ट गुंडाळलेले दिसतात. इंकांनी हा जुना वारसा घेतला, त्याला एकसारखे वळण लावले आणि राज्यभर त्याचे जाणकार नेमले. त्यांना किपुकामायोक म्हणत.

१६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का येथे स्पॅनिश सेनानी पिझारोने इंका सम्राट अटाहुआल्पाला पकडले, पण दोऱ्या लगेच थांबल्या नाहीत. इंकांविरुद्ध स्पॅनिशांना साथ देणाऱ्या हौहा खोऱ्यातल्या वांका सरदारांनी पुढे लिमाच्या न्यायसभेत दावा लावला. स्पॅनिश सैन्याला आपण काय काय पुरवले, हे त्यांनी किपूवरून वाचून दाखवले आणि कारकुनांनी ते कागदावर उतरवून घेतले. चर्चची भूमिका मात्र दुटप्पी राहिली. १५८२-८३ च्या लिमा धर्मपरिषदेने जुन्या श्रद्धांशी जोडलेले किपू काढून घेण्याचा हुकूम दिला, आणि त्याच काळात पाद्री स्थानिक लोकांना पापांची कबुली देण्याआधी ती पापे किपूवर बांधून आणायला सांगत होते.

आज जगभरात मिळून हजारभर किपू उरले आहेत. त्यांतले बरेचसे थडग्यांतून निघाले. १९९७ मध्ये उत्तर पेरूतल्या चाचापोया प्रदेशातल्या एका तळ्याकाठच्या कड्यावर ममींसोबत बत्तीस किपू मिळाले. आता ते लेइमेबाम्बाच्या संग्रहालयात आहेत. पण ज्या किपूंत गाठी आकड्यांच्या नियमात बसत नाहीत, त्यांचे काय? आणि रंग, पीळ, दोरी बांधण्याची बाजू यांनी काय सांगितले जाई? हा प्रश्न पेरूतल्या सान हुआन दे कोयाता या डोंगरी गावाने पुन्हा पुढे आणला. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी पेटीत सांभाळलेले दोन किपू गावकऱ्यांनी मानववंशशास्त्रज्ञ सबीन हायलँड यांना पाहू दिले. गावाच्या आठवणीप्रमाणे ती आपल्या प्रमुखांनी युद्धाबद्दल लिहिलेली पत्रे आहेत. सहा प्राण्यांचे केस, चौदा रंग आणि पंच्याण्णव वेगवेगळ्या खुणा त्यांत आढळल्याचे हायलँड यांनी २०१७ मध्ये मांडले. केवळ हिशेबासाठी इतक्या खुणा लागत नाहीत. हे किपू अठराव्या शतकातले, म्हणजे गावात स्पॅनिश अक्षरे पोचल्यानंतरचे आहेत. त्यामुळे इंकाही असेच लिहीत, असे त्यांवरून म्हणता येणार नाही. पण दोरीत नुसते आकडेच मावत, हे म्हणणेही आता टिकत नाही.