पोट फुगतंय? येण्याआधी पथ्य सुरू करू नका
(आमच्या आहारसल्ला केंद्रातर्फे ग्राहकांसाठी)

पहिल्या भेटीला येणाऱ्यांपैकी बरेच जण बंद केलेल्या पदार्थांची यादी घेऊन येतात. "गहू सोडला, दूध सोडलं, डाळी सोडल्या, कांदा-लसूण तर केव्हाच बंद. जरा बरं आहे, पण संध्याकाळी पोट टम्म होतंच. आता आणखी काय सोडू?" दोष त्यांचा नाही. पोटाची तक्रार काढली की भेटेल तो एकेक पदार्थ सोडायला सांगतो. पण सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथेच, आणि तो तुमचा असतो.

चार पदार्थ एकदम सोडून पोट हलकं झालं, तर त्यातला त्रास देणारा कोणता होता हे ना तुम्हाला कळतं ना आम्हाला. मग सोडलेलं पुन्हा खायला लावावं लागतं, पोट पुन्हा फुगतं, तुम्ही आमच्यावर चिडता, आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं.

गव्हाच्या बाबतीत तर गोष्ट आणखी बिघडते. सीलिअ‍ॅक या आजारात गहू, बार्ली, राय (गव्हासारखं एक धान्य) यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. रक्ततपासणीत जी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) शोधतात, ती ग्लूटेन पोटात जात असेल तरच भरवशानं सापडतात. गहू बंद करून बसलेल्या माणसाला आजार असूनही अहवाल 'निगेटिव्ह' येऊ शकतो. म्हणून तपासणीआधी किमान ६ आठवडे, रोज एकापेक्षा जास्त वेळच्या खाण्यात ग्लूटेन असावं लागतं. ज्याला गव्हाचा खरंच त्रास होतो त्याला हे सांगणं आमच्याही जिवावर येतं. तेव्हा आधी डॉक्टरांकडून तपासणी, मग पथ्य.

दुसरा घोटाळा शेवटच्या घासाचा. पोट फुगलं की आपण आताच काय खाल्लं ते आठवतो. लहान आतड्यात न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जिवाणू ती आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. या प्रवासाला कित्येक तास लागू शकतात. संध्याकाळच्या फुगण्याचा आरोपी अनेकदा दुपारच्या ताटात असतो. म्हणूनच आम्ही वेळेसकट नोंद मागतो.

या न पचणाऱ्या साखरांच्या गटाला फॉडमॅप म्हणतात. ही संकल्पना २००५ साली मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडली. गहू, कांदा, लसूण यांत फ्रुक्टन, डाळी-कडधान्यांत गॅलॅक्टन, दुधात लॅक्टोज, सफरचंद, आंबा, मध यांत जादा फ्रुक्टोज, आणि 'शुगर-फ्री' गोळ्यांत सॉर्बिटॉल. गव्हानं त्रास होतो म्हणणाऱ्या अनेकांना ग्लूटेन नव्हे, फ्रुक्टन बाधत असतं. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. त्यामुळे तेलात लसूण परतून काढून टाकली, तर स्वाद राहतो आणि त्रास बहुधा टळतो. कडधान्य भिजवून ते पाणी फेकलं तरी फरक पडतो. लॅक्टोज नीट न पचणाऱ्यांपैकीही बरेच जण एका वेळी कपभर दूध सहन करतात. सगळं सोडायची गरज क्वचितच पडते.

आम्ही २ ते ६ आठवडेच फॉडमॅप कमी करतो. त्यानंतर एकेक गट, तीन-तीन दिवस, वाढत्या प्रमाणात परत आणतो. हा दुसरा टप्पाच खरा. पण पोट शांत झालं की लोक यायचे थांबतात आणि वर्षानुवर्षं अर्धवट पथ्यावर राहतात. तसं करू नका. या साखरा आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचं खाद्यही आहेत. "एका भेटीत आहाराचा तक्ता द्या ना" असं सांगणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, त्याचं कारण हेच. रक्तातल्या आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांवरून 'न सोसणारे पदार्थ' सांगणारी तपासणीही आम्ही करवत नाही. तो पदार्थ तुमच्या खाण्यात होता, एवढंच ती बहुधा दाखवते. ती यादी आणलीत तर आम्ही बाजूला ठेवू. राग मानू नका.

आणि प्रत्येक वेळी खाण्यालाच धरून बसू नये. कोठा साफ नसेल तर गॅस पुढे सरकत नाही. अशा वेळी आधी बद्धकोष्ठ सुधारावं लागतं. एकदम भरपूर कोंडा खाऊ नका, त्यानं फुगणं वाढतं. इसबगोल थोडं थोडं वाढवत घेतलेलं बरं. काहींच्या पोटात गॅस नेहमीइतकाच असतो, पण जेवल्यावर छातीखालचा पडदा खाली दबतो, पोटाचे स्नायू सैल पडतात आणि पोट पुढे येतं. त्यांना पथ्यापेक्षा श्वासाचा सराव उपयोगी पडतो. तो आम्ही पहिल्याच भेटीत शिकवतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन, अकार्बोजसारखी औषधंही पोट फुगवतात. ती मनानं बंद न करता डॉक्टरांना सांगा.

आमच्याकडे नव्हे, आधी डॉक्टरांकडे कोणी जावं? वजन आपोआप घटतंय, शौचातून रक्त जातंय, रक्त कमी झालंय, उलट्या थांबत नाहीत, किंवा फुगलेलं पोट ओसरतच नाही असे सगळे. पन्नाशीपुढच्या स्त्रीला पोट फुगण्याचा त्रास नव्यानं सुरू होऊन टिकून राहिला, तर 'वयामुळे असेल' म्हणून सोडू नये. अंडाशयाची तपासणी व्हायला हवी.

येताना सात दिवसांची वही आणा: काय खाल्लं, किती वाजता, पोट केव्हा फुगलं, शौचाला कधी झालं, कोणती औषधं चालू आहेत. अक्षर कसंही चालेल. त्या सात दिवसांत नेहमीसारखंच जेवा, आम्हाला दाखवायला म्हणून चांगलं नको. वही आणणाऱ्यांचं काम निम्म्या भेटींत होतं, हा आमचा अनुभव. त्यात आमचं उत्पन्न घटतं हे खरं, पण तीच माणसं पुढे घरच्यांनाही घेऊन येतात.