पगडी, दाढी आणि अमेरिकेची नजर

१५ सप्टेंबर २००१. अ‍ॅरिझोना राज्यातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोढी आपल्या पेट्रोल पंपाबाहेर फुलझाडं लावत होते. गाडीतून आलेल्या एका माणसाने त्यांना गोळ्या घातल्या. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला चारच दिवस झाले होते आणि मारेकऱ्याने पाहिली ती फक्त पगडी आणि दाढी.

अशा घटनांनंतर एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: शिखांना चुकून मुसलमान समजलं गेलं. मला हे अजिबात पटत नाही. समोर खरोखरच मुसलमान असता तर गोळी योग्य माणसाला लागली असती, असाच त्याचा अर्थ होतो. शिवाय अमेरिकेत पगडीवरचा राग २००१ च्या फार आधीचा आहे.

गुरू गोविंदसिंगांनी १६९९ मध्ये खालसा पंथ स्थापला. केस न कापणं हे खालशाचं व्रत, आणि ते केस राखते पगडी. नांदेडला हुजूर साहिबला जाऊन आलेल्यांना तिचं मोल वेगळं सांगायला नको. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबी मजूर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले तेव्हा ते याच पगडीने लांबून ओळखू येत. बहुतेक जण शीख होते, पण तिथे सगळ्यांना सरसकट ‘हिंदू’ म्हणत. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये गोऱ्यांच्या जमावाने लाकूड गिरण्यांमधल्या या मजुरांना बिछान्यातून ओढून काढलं, मारलं, लुटलं. थोड्याच दिवसांत त्यांनी गाव सोडलं. १९१० मध्ये एका मासिकाने ‘पगड्यांची लाट’ येत असल्याची ओरड छापली.

पुढे न्यायालयानेही याच नजरेवर शिक्का मारला. नागरिकत्व मागणारे पंजाबी शीख भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धाच्या वेळी पगडीसह अमेरिकेच्या लष्करात होते. नागरिकत्वाचा कायदा तेव्हा ‘गोऱ्या’ आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांपुरता होता. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला नाकारलं, कारण तो ‘कॉकेशियन’, म्हणजे तेव्हाच्या वंशशास्त्रात युरोपीयांचा मानलेल्या वंशाचा, नव्हता. थिंड यांनी तोच धागा धरला: वंशशास्त्रानुसार पंजाबी तर कॉकेशियनच ठरतात! तीनच महिन्यांत, फेब्रुवारी १९२३ मध्ये, ओझावाचा निकाल लिहिणाऱ्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. म्हणजे तुम्ही कोण, हे रस्त्यावरून जाणाऱ्याने ठरवायचं. या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. थिंड यांना ते १९३६ मध्ये मिळालं, माजी सैनिकांसाठीच्या वेगळ्या कायद्याने.

२००१ नंतरचा संशय याच सवयीतून आला. १२ सप्टेंबरला प्रॉव्हिडन्स स्थानकात एका शीख तरुणाला रेल्वेतून उतरवून बेड्या घातल्या आणि ती दृश्यं टीव्हीवर झळकली. त्याचा हल्ल्याशी काहीही संबंध नव्हता. ऑगस्ट २००७ मध्ये विमानतळांवर पगडी चाचपण्याची मुभा तपासनिसांना मिळाली. शिखांनी जोरदार विरोध केल्यावर प्रवाशाने स्वतः पगडी चाचपायची आणि मग हातावर स्फोटकांचे अंश आहेत का ते तपासायचं, असा पर्याय निघाला. ५ ऑगस्ट २०१२ ला विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीक गुरुद्वारात एका गोऱ्या वर्चस्ववाद्याने सहा जणांना ठार केलं. जखमींपैकी एक जण २०२० मध्ये गेले, ते सातवे. हल्ल्याच्या वेळी एफबीआयच्या द्वेषगुन्ह्यांच्या नोंदीत शिखांसाठी रकानाच नव्हता. तो २०१५ पासून आला.

पोशाखावरची बंदी मुळात ज्यांच्यासाठी असते त्यांच्यापुरती ती कधीच राहत नाही. ओरेगॉनमध्ये १९२३ साली शिक्षकांच्या धार्मिक पोशाखावर बंदी आली, ती कॅथलिक जोगिणींना सरकारी शाळांबाहेर ठेवण्यासाठी. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेचा तिला पाठिंबा होता. साठेक वर्षांनी त्याच कायद्याखाली एका शीख शिक्षिकेला पगडीपायी नोकरी गमवावी लागली. कायदा रद्द झाला २०१० मध्ये. पेन्सिल्व्हेनियातला तसाच कायदा, १८९५ चा, २०२३ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होता.