इंडिया हे नाव ऑगस्ट 1947 चं नव्हे

आमच्या निपाणी-खानापूरकडच्या ग्रुपवर दर ऑगस्टला एक मेसेज फिरतोच, की इंडिया म्हणजे ‘इंडिपेंडंट नेशन डिक्लेअर्ड इन ऑगस्ट’ची आद्याक्षरं. अक्षरं बरोबर जुळतात त्यामुळं खरं वाटणं साहजिक आहे, पण घरी आजीच्या पेटीत राणी छाप नाहीतर राजा छाप चांदीचा रुपया असला तर काढून बघा की, 1862 किंवा 1918 च्या नाण्यावर पण इंग्रजीत ‘वन रुपी इंडिया’ लिहिलंय, स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी!

मग इंग्रजांनी ठेवलं का? तेही नव्हे. मूळ शब्द आपला सिंधू. जुन्या इराणी भाषेत ‘स’चा ‘ह’ झाला, ग्रीकांकडं जाताना तो ‘ह’ पण गळाला आणि इंडस, इंडिया झालं, याला 2400 वर्षं तरी झाली. आणि सुरुवातीला इंडिया म्हणजे सिंधूकाठचा मुलूख तेवढा, आपला मलप्रभा-घटप्रभेचा भाग त्यात नव्हताच. ओळख वाढत गेली तसं तेच नाव सगळ्या देशाला लागलं. 1947 ला सिंधूचा बराचसा काठ पाकिस्तानात गेला, नाव मात्र इकडं राहिलं. राज्यघटनेचं पहिलंच कलम वाचा, तिथं ‘इंडिया, अर्थात भारत’ अशी दोन्ही नावं आहेत.