मृतोत्थापनासाठी प्राण्यांची निवड

कल्पनारम्य रोल-प्लेइंग खेळांत मृतविद्या जाणणारे पात्र मेलेल्या जिवाचा देह किंवा हाडे मंत्राने उठवते आणि आपल्या हुकमतीत ठेवते. अशा वेळी कोणत्या जिवाचा देह उठवणे फायद्याचे ठरेल, याचा नियमांच्या आधारे केला जाणारा विचार म्हणजे ही निवड होय. बेळगाव (अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी), खानापूर, निपाणी व चिकोडी या सीमाभागातील मराठी खेळाडू त्याला ‘अनडेड उठवणे’ असेच म्हणतात. नियमपुस्तके इंग्रजी आणि बोलणे मराठी, त्यात अधूनमधून कन्नड, अशा या खेळात ‘झोंबी’, ‘डीएम’ (खेळ चालवणारा सूत्रधार), ‘हिट डाइस’ हे शब्द जसेच्या तसे रुळले आहेत; ‘स्केलेटन’ला मात्र ‘सांगाडा’ हा शब्द सहज चालतो.

या कल्पनेच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार, प्रेते उठवणारा मांत्रिक हा लोककथांतून आणि प्राचीन प्रेतविद्येतून खेळात आला. दुसरे मत असे की, लोककथांतील मृतात्मे बहुधा भविष्य सांगण्यासाठी किंवा सूड घेण्यासाठी येतात, तर खेळातील सांगाडे शिपायांसारखे रांगेत उभे राहतात. तेव्हा त्यांचा जवळचा पूर्वज विसाव्या शतकातील साहसकथांमध्ये आणि मेजावर छोट्या पुतळ्यांनी खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांमध्ये शोधावा लागतो. कालक्रम दुसऱ्या मताला अधिक अनुकूल आहे. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ (१९७१) या मध्ययुगीन युद्धखेळाच्या नियमांना जोडलेल्या कल्पनारम्य पुरवणीत पिशाचवर्गीय सैनिक आधीच होते, आणि गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) हा रोल-प्लेइंग खेळ त्याच परंपरेतून वाढला. या पहिल्या आवृत्तीतच सांगाडे व झोंबी उठवण्याचा मंत्र जादूगाराच्या पाचव्या पातळीच्या मंत्रांत आढळतो. मेलेल्याला खरोखर जिवंत करण्याचा मंत्र त्याहून वेगळा आहे.

निवडीचा प्रश्न मात्र तेव्हा उभा राहिला नव्हता. १९७८ च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ नियमांतही हा मंत्र मुख्यतः मृत माणसांपुरता होता, आणि एक मेलेला माणूस दुसऱ्या मेलेल्या माणसासारखाच असतो. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने उठणाऱ्यांची संख्या मूळ जिवाच्या हिट डाइसशी, म्हणजे त्याचा जोम मोजणाऱ्या फाशांशी, बांधली. बाराव्या पातळीचा मांत्रिक बुटक्यांचे बारा सांगाडे, तरसमुखी नॉलांचे चार झोंबी किंवा अग्निराक्षसाचा एकच झोंबी उठवू शकेल, हे त्या पुस्तकातील उदाहरण. निवडीचा विचार खऱ्या अर्थाने येथून सुरू झाला असे मानण्यास हरकत नाही.

तो पूर्णत्वास गेला तिसऱ्या आवृत्तीच्या (२०००) २००३ मधील सुधारित रूपात, ज्याला खेळाडू ‘साडेतीन’ म्हणतात. या नियमांचा गाभा मुक्त परवान्याखाली विनामूल्य वाचता येतो, त्यामुळे महागडी पुस्तके न घेताही या विषयावर वाद घालता येतो. येथे सांगाडा आणि झोंबी हे स्वतंत्र प्राणी नसून कोणत्याही हाडामांसाच्या जिवावर चढवायचे साचे आहेत. एका वेळी मांत्रिकाच्या पातळीच्या दुप्पट हिट डाइसइतकेच मृत उठवता येतात, एकूण हुकमत पातळीच्या चौपट हिट डाइसवर चालते, आणि प्रत्येक हिट डाइसमागे किमान २५ सुवर्णमुद्रा किमतीचा काळा ऑनिक्स खडा खर्ची पडतो. हुकमतीची मर्यादा ओलांडली तर नव्याने उठवलेले ताब्यात राहतात आणि जुन्यांपैकी काही सुटतात. कोणते सोडायचे ते मांत्रिक ठरवतो.

जिवंतपणी भयंकर असलेला प्राणी मेल्यावरही तितकाच भयंकर राहतो, हा समज या नियमांत टिकत नाही. विष, श्वासातून येणारी आग, जखमा आपोआप भरण्याची शक्ती, मंत्रसामर्थ्य हे सारे जिवाबरोबर जाते. ट्रोल हा राक्षस त्याच्या भरून येणाऱ्या जखमांसाठीच ओळखला जातो, पण त्याचा सांगाडा ती शक्ती गमावतो आणि सहा हिट डाइसचा एक मोठा सांगाडा एवढीच त्याची किंमत उरते. मागे राहतात ती नैसर्गिक हत्यारे, म्हणजे नखे, दात, शिंगे, शिवाय आकार आणि ताकद. म्हणून देहाला किती हत्यारे आहेत आणि त्यांसाठी किती हिट डाइस मोजावे लागतात, हे गुणोत्तर महत्त्वाचे ठरते.

या हिशेबात हायड्राचा, म्हणजे अनेक तोंडांच्या सर्पासुराचा, सांगाडा सर्वांत वर येतो असे बहुतेक जाणकार मानतात. पाच तोंडांचा हायड्रा पाच हिट डाइसचा असतो आणि चालता चालताही पाचही तोंडांनी चावतो. ही क्षमता नियमांत विशेष शक्तींच्या यादीत न देता लढाईच्या वर्णनात दिली आहे, त्यामुळे सांगाडा झाल्यावरही ती टिकते, असा वाचनाचा एक पक्ष. सर्व तोंडांनी एकदम चावणे ही विशेष शक्तीच असल्याने ती जावी, असा दुसरा. शब्दशः पाहता पहिला पक्ष अधिक बळकट वाटतो. अचूकता मात्र घटते : जिवंत पाचतोंड्याला हल्ल्याच्या फाशावर +६ मिळतात, त्याच्या सांगाड्याला +३, कारण मृतांची मूळ हल्लाशक्ती हिट डाइसच्या निम्मी धरली जाते. आणखी एक अट सहसा नजरेतून सुटते. सांगाडा बऱ्याच अंशी अखंड असलेल्या देहातूनच होतो. हायड्राला मारण्याची एक रीत तोंडे छाटण्याची आहे, आणि तीच वापरली तर उठवण्यासारखे फारसे काही उरत नाही. मांत्रिकाच्या सोबत्यांनी वार धडावर करावेत, हे त्यांना लढाईआधीच सांगून ठेवावे लागते.

झोंबीचे गणित उलट आहे. त्याचे हिट डाइस दुप्पट होतात, पण तो एका फेरीत एकच कृती करू शकतो, त्यामुळे अनेक हत्यारांचा उपयोग राहत नाही. एका जबर टोल्याचे, जड अंगाचे किंवा उडणारे प्राणी त्यासाठी घ्यावेत : सांगाड्याचे पंख निकामी होतात, झोंबीचे बेढब का होईना पण चालतात, म्हणून वायव्हर्नचा (पंखवाल्या ड्रॅगनसदृश प्राण्याचा) झोंबी वाहन म्हणून वापरला जातो. दहाहून अधिक हिट डाइसचा प्राणी या मंत्राने झोंबी होत नाही.

सीमाभागातील खेळांत राक्षसांपेक्षा ओळखीचे प्राणी घ्यायचे झाल्यास खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्याचे (घोषणा २०११) रान पुरेसे आहे. गव्याला नियमांतील बायसनचे, अस्वलाला काळ्या अस्वलाचे माप लावले, तर पाचव्या पातळीच्या पुरोहिताच्या वीस हिट डाइसमध्ये गव्यांचे चार सांगाडे बसतात आणि त्यांच्या चार शिंगधडका होतात. अस्वले तीन हिट डाइसची असल्याने सहा बसतात, प्रत्येकाचे दोन पंजे व एक चावा मिळून अठरा हल्ले होतात, आणि तरी दोन हिट डाइस शिल्लक राहतात. गवा झोंबी म्हणून शोभतो : दहा हिट डाइस, सरासरी ६८ जीवगुण (मार सोसण्याचे गुण). दांडेलीकडून खानापूरमार्गे चंदगडच्या शिवारात उतरणारा हत्ती मोहात पाडतो खरा, पण त्याचे हिट डाइस अकरा, म्हणजे झोंबीची मर्यादा एकाने चुकते. सांगाडा करावा तर पातळी निदान सहावी लागते, आणि सोंडेत हाड नसल्याने, मांसावाचून न चालणारा हल्ला गळतो या नियमाने, सोंडेचा तडाखा जातो. सुळे आणि पाय उरतात. ‘साडेतीन’वर बेतलेल्या २००९ च्या ‘पाथफाइंडर’ या खेळामध्ये झोंबीचे हिट डाइस दुप्पट न होता आकारानुसार वाढतात आणि हत्तीचा झोंबी पंधराचा होतो. रक्ताळलेला सांगाडा हा पडल्यावर तासाभराने पुन्हा उठणारा प्रकारही तेथे आहे.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) निवड जवळजवळ संपली. मूळ मंत्र मध्यम किंवा लहान आकाराच्या मानवसदृश देहांपुरता उरला, आणि प्रश्न सांगाडा की झोंबी एवढाच राहिला. सांगाडा धनुष्य चालवतो आणि १३ जीवगुणांचा असतो. झोंबी २२ चा, मंद, पण शून्यावर आल्यावरही कधीकधी न पडणारा. दुरून मारा करणारी रांग उभी करायची असेल तर सांगाडेच घ्यावेत. हुकमत चोवीस तासांची असून ती रोज नव्याने बसवावी लागते.

स्थानिक भूतपरंपरेशी या निवडीची सांगड सहज बसत नाही. मुंजा, हडळ, समंध यांत मेलेला कोण होता आणि कसा मेला यावर सारे अवलंबून असते. सोडमुंज होण्याआधी मेलेला मुलगा मुंजा होतो, तो अंगाने किती दांडगा होता हे कोणी विचारत नाही. खेळात नेमके उलट : देह पाहायचा, माणूस विसरायचा. वेताळ त्यातल्या त्यात जवळचा, कारण वेताळकथांत तो प्रेतात शिरतो. पण तो राजालाच कोडी घालतो, तेव्हा बुद्धिहीन सांगाड्याच्या साच्यात त्याला बसवणे चूक ठरेल. शिवाय आंबोली घाट उतरून गेल्यावर आरवलीला वेतोबा हे जागृत दैवत आहे, याचे भान डीएमने ठेवलेले बरे.

खेळाचे जग याच मुलखावर बेतले असेल तर देह मिळण्याचा प्रश्नही वेगळा होतो. युरोपीय वळणाच्या साहसांत गावाबाहेरची दफनभूमी गृहीत धरलेली असते. जेथे बहुतेक समाजांत दहनाची चाल आहे, तेथे अखंड सांगाडा हाती लागतच नाही. लिंगायत समाजात मृताला बैठ्या स्थितीत पुरतात, तथापि खऱ्या समाजाची खरी समाधिस्थळे खेळात ओढणे अनुचित होय, आणि टेबलावर त्या समाजाचा मित्र बसलेला असण्याचा संभवही येथे मोठा. त्यामुळे अशा जगातील मांत्रिकाला रानाकडे वळावे लागते. गोठ्यातील बैलाचा देह मात्र, नियमांच्या हिशेबात तो स्वस्त पडत असला तरी, कर्नाटकी बेंदराला शिंगे रंगवणाऱ्या घरातील खेळाडू सहसा उठवू देणार नाहीत, आणि खलपात्राच्या हाती तोच दिला तर डीएमला त्याच्या दुष्टपणाचे वेगळे वर्णन करावे लागत नाही.