स्पिन बाइकला गंज लागतो तो घामामुळे

ठाण्यात घोडबंदर रोडच्या जिममध्ये वर्षानुवर्षं एक समज ऐकू येतो: स्पिन बाइक, म्हणजे जागच्या जागी चालवायची व्यायामाची सायकल, चार भिंतींच्या आत, ना पाऊस ना चिखल, मग तिला देखभाल कशाला? हे साफ चुकीचं आहे. रस्त्यावर सायकल चालवताना घाम वाऱ्याने सुकतो. इथे तो हँडलवरून थेट फ्रेमवर टपकतो. घामात मीठ असतं, आणि पावसाळ्यातली दमट हवा ते सुकू देत नाही. हँडलचा दांडा वर ओढून बघा, गंज धरला असेल तर खाचेच्या कडेला तांबूस भुकटी दिसेल.

म्हणून क्लास संपला की ओलसर फडक्याने पुसा, मग कोरड्याने. ब्लीच नकोच.

खरखर आली की दिसेल तिथे तेल सोडायचं, हीसुद्धा वाईट सवय. चुंबकीय ब्रेक चाकाला टेकतच नाही, तिथे तेलाचं काय काम? पॅडचा ब्रेक असेल तर कंपनीने सांगितलेलंच वंगण वापरा.

पेडल मात्र पान्याने नियमित आवळा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतं. ढिलं पेडल तसंच चालवलं तर क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे जातात आणि अख्खा क्रँक बदलावा लागतो.