ख्रिस्ती सामाजिक चिंतन, सोलापूर

ख्रिस्ती सामाजिक चिंतन, सोलापूर : बायबलमधील वचनांच्या आधारे जात, श्रम, शिक्षण, नागरी हक्क अशा चालू प्रश्नांचा विचार करण्याची सोलापुरातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांची (म्हणजे चर्चच्या उपासक समुदायांची) रीत. ती मुख्यतः मौखिक आहे. रविवारचा उपदेश, घरोघरच्या प्रार्थनासभा, भजन आणि कीर्तन ही तिची माध्यमे. छापील लेखन त्या मानाने थोडे असून ते बहुधा ‘ज्ञानोदय’ (स्थापना १८४२) सारख्या नियतकालिकांतून विखुरलेले आहे.

सोलापुरात प्रॉटेस्टंट कार्याची सुरुवात अमेरिकन मराठी मिशनने केली. हे मिशन १८१३ मध्ये मुंबईत व १८३१ मध्ये अहमदनगरला (आता अहिल्यानगर) आले. सोलापूरचे ठाणे साधारणतः १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले मानतात. भोवतालच्या खेड्यांत त्याआधीही प्रचारक फिरत असावेत, त्यामुळे एकच वर्ष ठामपणे सांगण्यापेक्षा दशक सांगणे अधिक सुरक्षित. मिशनच्या मंडळ्यांतील बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आले होते. पुढे शाळा, वसतिगृहे, बालशिक्षण ही कामे वाढली.

कीर्तनाचे मूळ : ख्रिस्ती कीर्तन १८६० च्या दशकात अहमदनगर परिसरात आकाराला आले, कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्याच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातच असल्याने या कीर्तनाचा उगम वारकरी परंपरेत शोधण्याकडे काहींचा कल असतो. रचनेकडे पाहिले तर ते पटण्यास अडचण येते. वारकरी कीर्तनात एका अभंगाचे निरूपण हा गाभा असून मागे उभ्या टाळकऱ्यांची साथ अनिवार्य असते. ख्रिस्ती कीर्तनकार मात्र आधी पूर्वरंगात एखादे तत्त्व मांडतो आणि उत्तररंगात योसेफ, रूथ किंवा उधळ्या पुत्राचे आख्यान लावतो. साथीला पेटी आणि तबला. ही चौकट नारदीय, म्हणजे हरिदासी कीर्तनाची आहे. वारकरी प्रभाव नाकारण्याचे कारण नाही, पण तो भजनाच्या अंगाने, विशेषतः नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या अभंगवजा रचनांमधून आला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, म्हणजे कीर्तनाची चौकट ठरून गेल्यानंतरचा, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

सेटलमेंट : काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली (१८७१, मुंबई इलाख्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून) सोलापुरात मोठी वसाहत उभी राहिली. तिच्या व्यवस्थापनात अमेरिकन मराठी मिशनचा दीर्घकाळ सहभाग होता. कुंपणाच्या आत शाळा, दवाखाना आणि प्रार्थना होती. त्याच कुंपणाच्या आत ठरल्या वेळी हजेरी होती, आणि बाहेर जायला पास लागे. माणसे शहरातल्या कापडगिरण्यांत कामाला जात आणि संध्याकाळी मोजून परत घेतली जात. मिशनच्या बाजूने लिहिणारे याला सुधारणेचे काम म्हणतात, विमुक्त जमातींच्या बाजूने लिहिणारे बंदिवास म्हणतात. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाच्या ग्रंथातून जो उतारा वाचला (लूक ४:१८), त्यात बंदिवानांच्या सुटकेची घोषणा आहे. हा उतारा वाचणाऱ्यांनीच हजेरीपटही ठेवला, ही विसंगती कोणत्याही सहानुभूतीने पुसता येत नाही. मुलांना अक्षरओळख झाली हे खरे, पण जन्माने गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याशी ख्रिस्ती मानवकल्पनेचा मेळ बसतच नाही. ३१ ऑगस्ट १९५२ पासून हा कायदा रद्द होऊन या जमाती विमुक्त झाल्या. शहरात त्या वस्तीला आजही ‘सेटलमेंट’ असेच म्हणतात.

आंबेडकरांचे भाषण, १९३८ : या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग ख्रिस्ती व्यासपीठावरचा असला तरी बोलणारे ख्रिस्ती नव्हते. १ जानेवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे भाषण केले. त्याचा वृत्तांत त्यांच्या ‘जनता’ या पत्राच्या ५ फेब्रुवारी १९३८ च्या अंकात आला. उपलब्ध पाठ महिनाभराने छापलेल्या या वृत्तांतावरचा असल्याने त्यातील प्रत्येक शब्द जसाच्या तसा वक्त्याचा धरू नये; आशयाबद्दल मात्र शंका घेण्याजोगे काही नाही.

येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेला (१९३५) तेव्हा सव्वादोन वर्षे झाली होती आणि ते कोणता धर्म स्वीकारणार याची चर्चा सर्वत्र होती. धर्मांतरासाठी आपण बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांचाच विचार करतो, अशा आशयाचे विधान त्यांनी येथे केले. ख्रिस्ती लेखनात बहुधा हेच एक विधान उद्धृत होते. भाषणाचा भर मात्र दुसरीकडे आहे. अस्पृश्याला बाप्तिस्मा दिला की मिशनरी आपले काम संपले असे समजतात आणि त्याच्या राजकीय हक्कांकडे पाहत नाहीत, हा त्यांचा मुख्य आक्षेप. त्यांचे म्हणणे असे : अशिक्षित असूनही अस्पृश्य चळवळ करतात म्हणून कायदेमंडळात त्यांना पंधरा जागा आहेत. शिष्यवृत्ती मिळणारा मुलगा ख्रिस्ती झाला की घरची गरिबी तशीच राहूनही त्याची शिष्यवृत्ती बंद होते. ख्रिस्ती मुलगी परिचारिका किंवा मुलगा शिक्षक झाला की तो आपल्या कामात गुंततो, सार्वजनिक अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही. दक्षिणेकडील चर्चमधल्या जातिभेदावरही त्यांनी बोट ठेवले.

या भाषणाकडे धर्मांतराच्या शोधातील एक टप्पा म्हणून पाहणारे अभ्यासक आहेत, तसेच अल्पसंख्याकांच्या राजकारणावरचे भाष्य म्हणून पाहणारेही. विस्तार आणि उदाहरणे पाहता दुसरे वाचन मजकुराला अधिक धरून आहे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने ख्रिस्ती व अनुसूचित जाती यांची प्रतिनिधित्वाची दालने वेगळी केली होती, १९३६ च्या आदेशाने भारतीय ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातींतून वगळले होते. शिष्यवृत्तीचा मुद्दा या पार्श्वभूमीवर येतो.

तो मुद्दा अजून मिटलेला नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती व मुस्लिम बाहेर राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. गलतीकरांस पत्रातील ‘यहूदी नाही व हेल्लेणी (ग्रीक) नाही’ (३:२८) हे वचन उपदेशात याच संदर्भात येते, आणि ते दोन्हीकडून लागू करावे लागते : सरकारने दर्जा नाकारू नये हे जितके खरे, तितकेच मंडळीत लग्न जुळवताना पूर्वीची जात विचारली जाऊ नये हेही.

श्रम : गिरण्यांच्या या शहरात याकोबाच्या पत्रातील अडवून ठेवलेल्या मजुरीचे वचन (५:४) आणि द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला (मत्तय २०) यांना वेगळी धार येते. गिरण्या बंद पडल्यावर यंत्रमाग आणि विडीच्या कामावर घर चालवणाऱ्या बायकांपुढे हा दाखला वाचला की दिवसअखेर कामाविना उभे राहिलेले लोक कोण, हे समजावून सांगावे लागत नाही.

रोमन कॅथलिक : सोलापूर पुणे धर्मप्रांतात (स्थापना १८८६) येते. प्रॉटेस्टंटांच्या बाजूला, १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात जुन्या मिशनच्या मंडळ्या सामील झाल्या. शेजारच्या उस्मानाबादला (आता धाराशिव) जानेवारी २०२० मध्ये झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरू होते.