‘आयलंड स्ट्रम’ नेमका कुठल्या बेटाचा?

युकुलेले या गिटारसारख्या छोट्या, चार तारांच्या वाद्यावर सी, एफ आणि जी-सेव्हन हे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) हाताखाली बसले की उजव्या हाताचा पहिला धडा बहुतेकांना एकच मिळतो: डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप. डाऊन म्हणजे हात तारांवरून खाली, अप म्हणजे वर, आणि असा हात फिरवणं म्हणजे स्ट्रम. नाव ‘आयलंड स्ट्रम’. धडा वाटतो तितका पुरातन नाही, आणि नावाचा तर घोळच आहे.

ऑगस्ट १८७९ मध्ये मदैरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर उसाच्या मळ्यांसाठी होनोलुलूला उतरले. सोबत माशेत हे चार तारांचं चिमुकलं वाद्य होतं. जहाजातल्याच काही सुतारांनी पुढे हवाईतल्या कोआ लाकडात त्याची नवी रूपं घडवली, राजदरबाराने ती उचलून धरली. अंगकाठी माशेतची राहिली, तारा जुळवण्याची रीत मात्र राजांव या पाच तारांच्या भावंडाची आली. ‘युकुलेले’ या नावाचा रूढ अर्थ ‘उडी मारणारी पिसू’. हवाईयनमध्ये ‘उकू’ म्हणजे ऊ किंवा पिसू. मराठीशी नातं काही नाही, पण आपल्या लक्षात पटकन राहतं.

राजांवकडून आलेली ती रीत स्ट्रमिंगच्या मुळाशी आहे. चौथी, ‘जी’ सुराची तार उंच, सगळ्यात खर्जातली ‘सी’ची तार तिच्या शेजारी. गिटारवर डाऊनला आधी खर्ज घुमतो, अपला आधी बारीक तारा किणकिणतात, त्यामुळे दोन्ही आघात आपोआप वेगळे ऐकू येतात. युकुलेलेवर दोन्ही टोकांना उंच सूर, म्हणून डाऊन आणि अप जवळजवळ सारखेच. लय दाखवायची तर ती मनगटातूनच यावी लागते.

१९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत या वाद्याचं वेड पसरलं. गाण्यांच्या छापील पानांवर स्वरांच्या डोक्यावर कॉर्डच्या चौकटी येऊ लागल्या. बोटं कुठे ठेवायची ते चौकट सांगायची. उजव्या हाताबद्दल पान गप्प. तो हात शिकवणाऱ्या पुस्तकांत भर असे तो ‘स्ट्रोक’वर: साधा स्ट्रोक, रोल, ट्रिपल, स्प्लिट. म्हणजे तर्जनीच्या नखाने खाली, मांसल भागाने वर, बोटं पंख्यासारखी एकामागून एक उलगडत कशी सोडायची, अंगठा कधी आणायचा. तेव्हाचा प्रश्न होता, हात कसा मारायचा. आजचा विद्यार्थी विचारतो, ‘या गाण्याचा पॅटर्न काय?’ शब्द स्ट्रमिंगच, पण विचारणा बदलली. माझ्या मते तोटा झाला तो इथे.

१९५० च्या सुमाराच्या प्लास्टिकच्या लाटेने वाद्य स्वस्त केलं. पुढे कॅनडातल्या शाळांनी ते चांगलं राबवलं, पण तिथे जोर स्वरलेखन वाचण्यावर आणि धून वाजवण्यावर होता. मग १९९३ मध्ये एका हवाईयन गायकाचं, पाचेक वर्षं आधी मध्यरात्री ध्वनिमुद्रित केलेलं, नुसत्या युकुलेलेच्या साथीचं गाणं अल्बममधून आलं आणि जगभर गेलं. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या बागेत वाजवलेल्या एका व्हिडिओने इंटरनेटवर तेच केलं. नव्या विद्यार्थ्याला पुस्तक नको होतं. शब्दांवर कॉर्ड, खाली वर-खाली बाण, एवढं पुरे होतं. बाणांत पॅटर्न मावतो, स्ट्रोक मावत नाही.

आता ते नाव. हाच पॅटर्न काही जण ‘कॅलिप्सो स्ट्रम’ म्हणून शिकवतात. कॅलिप्सो हे संगीत त्रिनिदादचं, म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं. हवाई पॅसिफिकच्या मध्यावर. १९५६-५७ मध्ये अमेरिकेत कॅलिप्सोची मोठी हवा होती, आणि नारळाची झाडं असलेली सगळी बेटं तिथल्या श्रोत्याला एकच वाटली असावीत. होनोलुलूत हुला या हवाईयन नृत्याच्या साथीला हात वेगळे चालतात. तेव्हा ‘आयलंड’ हे बेटाचं नाव नसून पर्यटनाच्या भित्तिपत्रकाचं आहे, असं माझं मत. काही शिक्षक आणखी तिसऱ्याच, ट्रिपलेट (एका मात्रेत तीन आघात) घातलेल्या प्रकाराला हे नाव देतात, त्यामुळे ‘आयलंड येतो का?’ या प्रश्नाला ‘कुठला?’ हेच उत्तर रास्त.

पॅटर्न मात्र खोटा नाही. आठ अर्धमात्रांत त्याचे आघात पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या, सातव्या आणि आठव्या जागी पडतात. दुसरी आणि पाचवी जागा रिकामी. नवशिक्या अडखळतो तो पाचव्यावर: तिथे हात खाली जायचा असतो, पण तारांना न लागता. तो हातच थांबवतो, आणि पुढचा अप उशिरा येतो. ओळखीच्या एका मुलीला मी बाणांचा कागद उलटा ठेवून केरवा म्हणायला लावला, ‘धा गे न ति, न क धि न’. आठ मात्रांच्या केरवा तालाची ‘खाली’, म्हणजे बिनटाळीची जागा, पाचव्याच मात्रेवर येते. टाळी द्यायची नाही, हात नुसता फिरवायचा, हे तिला हार्मोनियमच्या क्लासपासून ठाऊक होतं. दुसऱ्या आवर्तनाला तिचा हात हवेतून खाली गेला.

शिक्षकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, हा पॅटर्न पहिल्याच दिवशी द्या, गाणं लगेच लागतं आणि विद्यार्थी टिकतो. दुसरा आठवडाभर नुसते डाऊन करून घेतो, तेही आवाजाच्या भोकावर नाही, गळा जिथे पेटीला मिळतो तिथे, जिथे तर्जनीचं नख अडकत नाही. टाळेबंदीत घरबसल्या शिकलेल्यांपैकी मला भेटलेले बहुतेक पहिल्या तटाचे. त्यांच्या वाद्यांवर भोकाजवळ नखांचे ओरखडे दिसतात.